माहेरच्या डोहातले शिंगटे

शिंगट्याला मिशा असतात. नराला असतात तशाच मादीलाही असतात. एवढी साधी गोष्ट, पण तिच्या मागोमाग माझी पीएच.डी. गेली, एका गावाचा डोह गेला आणि साताऱ्याचे एक सर मात्र मोठे झाले. आता इतकी वर्षं झाली, राग निवळायला हवा असं लोक म्हणतात. निवळला नाही. निवळावा असं मला वाटतही नाही.

शिंगटा म्हणजे कृष्णेत मिळणारा, खवले नसलेला मिशीवाला मासा. त्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांच्या मागे काटा असतो, तो हाताला लागला की दिवसभर ठणका. मोठे शिंगटे बाजारात येतात, पण त्याच कुळात एक बोटभर लांबीचा शिंगटाही आहे. अंगावर दोन काळसर पट्टे, बाकीचा रंग घासलेल्या पितळेचा. खायला त्याचा उपयोग नाही, पण बघायला देखणा. नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेकडे बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी काचेची पेटी यायला लागली होती. आत बुडबुड्यांची नळी, रंगीत खडे आणि शोभेचे मासे. ज्यांच्या घरी प्यायचं पाणी एक दिवसाआड येई, त्यांच्याकडेही माशांसाठी टाकी भरलेली असे.

मी तेव्हा साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते. घर सांगलीचं, सुट्टी लागली की एस.टी.ने सांगली. माझे मार्गदर्शक, त्यांना मी सरच म्हणणार, हुशार होते. वारा कुठून वाहतो ते त्यांना आधी कळायचं. शोभेच्या माशांना परदेशात मागणी आहे, विशेषतः डोंगरी ओढ्यांतल्या माशांना, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि माझा विषय ठरवून टाकला. कोयनेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत मिळणारा पट्टेरी शिंगटा आणि खाली सांगलीजवळ कृष्णेत मिळणारा पट्टेरी शिंगटा, हे एकाच कुळातले की पूर्वीच कधी वेगळे झालेले? दिसायला दोघं सारखेच. सरांना उत्तर आधीच ठाऊक होतं. वेगळे. वेगळे असले तरच नवा मासा, नवं नाव आणि त्या नावाला जोडून सरांचं नाव.

हे ओळखायचं ते आईवरून. प्राण्याच्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, पेशीच्या चुली म्हणा हवं तर. त्यांच्यात स्वतःचं वेगळं डीएनए असतं आणि ते फक्त आईकडून पिल्लाकडे जातं. बापाचं जात नाही. पिल्लू नर असलं तर ते त्याच्यापाशी संपतं, मादी असलं तर पुढे चालतं. म्हणजे हे डीएनए बघत मागे गेलं की आई, तिची आई, तिची आई, अशी सरळ वाट लागते. गोत्र आणि आडनाव यांना त्या वाटेवर कुणी विचारत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आमच्या घरी वडिलांनी मोठ्या हौसेने वंशावळ काढून देवघराच्या भिंतीवर लावली होती. तीत एकाही बाईचं नाव नव्हतं. आईला तर नावं दोन. एक माहेरचं आणि एक लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. पहिल्या नावाने तिला हाक मारणारं सांगलीत कुणी नव्हतं.

त्या पहिल्या नावाने हाक मारणारे सगळे कोयनेच्या खोऱ्यात. कोयनानगरच्या पुढे, धरणाच्याही वर डोंगरात आईचं गाव. घाटातली वळणं संपली की एस.टी. सोडून पायी चढायचं. जमीन अधूनमधून हलायची, फडताळातली भांडी वाजायची, मामी एक हात फडताळाला लावायची आणि दुसऱ्या हाताने भाकरी उलटायची. गावाच्या अंगाला देवीचा डोह आहे. ओढा कातळावरून उडी घेतो, त्याच्या पायथ्याला खोल, काळंशार पाणी. त्या डोहातला मासा मारायचा नाही हा नियम. त्यामुळे पट्टेरी शिंगटे तिथे बिनधास्त. भाताची शितं टाकली की तळातून वर यायचे आणि पाण्यात सोडलेल्या पायांना मिशा लावून बघायचे. लहानपणी मला त्याच्या गुदगुल्या व्हायच्या.

ओढ्यात शिंगटा पकडायचा म्हणजे दिवसभर दगड उलथत बसायचं, तेव्हा कुठे एखाददुसरा हाती लागायचा. डोहाचं मी सांगितलं तसे सर खुर्चीतून उठलेच. "अगं, मग आधी बोलायचं नाही का! हा तर आयता खजिना आहे."

मामा लष्करातून हवालदार होऊन परतलेले. गावात त्यांचा शब्द चालायचा. तरी देवीच्या माशांचा प्रश्न होता, म्हणून चार जाणती माणसं देवळापाशी जमली. मी समजावून सांगितलं, मासे मारायचे नाहीत, शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, तो पुन्हा वाढतो. एक म्हातारा काही केल्या ऐकेना.

"देवीच्या जित्राबाला कात्री लावायची? हे बरं न्हवं," तो म्हणाला.

"आवं तात्या, लेकीची लेक हाय," मामा म्हणाले. "भाचीला डोहाचं पानी न्हाई म्हनायचं, आसं आपल्यात कवा झालंय का?"

यावर तात्या उठून बाजूला झाले. भाचीचा मान मोठा. सर त्या दिवशी बरोबर आले होते. मामीने त्यांना नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि घरचं तूप वाढलं, मामांनी हातावर पाणी घातलं. परतताना घाटात सर म्हणाले, "काय भोळी माणसं असतात नाही ही?" मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

पराचे तुकडे लहान लहान बाटल्यांत, स्पिरिटमध्ये घालून मी पुण्याला नेले. आमच्या कॉलेजात यातलं काहीच होत नव्हतं. पुण्यात एका प्रयोगशाळेने मेहेरबानी म्हणून आम्हाला यंत्र वापरू दिलं होतं. तिथे ते डीएनए वाढवायचं, विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, त्याचे ठराविक जागी तुकडे करायचे आणि ते जेलच्या, म्हणजे घट्ट खळीसारख्या थरातून विजेने पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात, त्यांच्या रेघा उमटतात. ज्या माशांच्या रेघा सारख्या, त्यांचं आईकडचं कूळ एक.

ओढ्यातल्या शिंगट्यांच्या रेघा सांगलीच्या शिंगट्यांहून वेगळ्या निघाल्या. म्हणजे सर बरोबर होते. ओढ्यातलं कूळ खरंच पूर्वी कधीतरी वेगळं पडलेलं होतं. मग मी डोहातले नमुने लावले. बहुतेकांच्या रेघा हुबेहूब सांगलीच्या. कृष्णेच्या काठच्या भोयांकडून आणलेले मासे आणि देवीच्या डोहातले मासे, एका आईची लेकरं असावीत तसे. मध्ये धरणाची भिंत, वर घाट, त्याच्यावर धबधबा. शिंगट्याला पंख फुटल्याचं तर कुणी ऐकलं नव्हतं.

सरांनी जेलचे फोटो बघितले आणि टेबलावर टाकले. "बाटल्या बदलल्यास तू."

"नाही सर."

"सांगलीची पोरगी, सांगलीच्या बाटल्या. कुठेतरी घोळ घातला असशील. पुन्हा कर."

मी पुन्हा डोहावर गेले, पुन्हा पर कापले, प्रत्येक बाटलीवर तिथल्या तिथे चिठ्ठी चिकटवली. पुन्हा तेच आलं. सर म्हणाले, मग दोन्ही वेळा चुकलीस. आपण स्वतः चुकलो असू ही शक्यता सोडून त्यांनी सगळ्या शक्यता तपासल्या.

तशीच दिवाळीला सांगलीला गेले. आई स्वयंपाकघरात चकल्या पाडत होती, मी तिच्यासमोर बसून सगळं ओकले. डोहातले मासे सांगलीचे कसे असतील, सर मला वेडी ठरवतात, आता माझं काय होणार. आईने सोऱ्या खाली ठेवला आणि हसायला लागली. आनंदात किंवा रागात आली की ती माहेरच्या बोलीत बोलायची.

"आगं, ती सांगलीचीच हायत. मीच सोडली की. तू पोटात हुतीस तवा."

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही चाल सगळीकडेच आहे. पण तिच्या गावात आणखी एक चाल होती. बाळंतपणाला येणाऱ्या लेकीने सासरच्या नदीचं पाणी कळशीत आणायचं आणि त्या पाण्यात तिथलाच एक जिवंत मासा. आल्या दिवशी घरात पाऊल टाकायच्या आधी तो डोहात सोडायचा. सासरच्या पाण्यातला जीव माहेरच्या पाण्यात सुखाने राहिला, तर बाळंतीण सुखाने सुटते.

"पण आई, शिंगटाच का?"

"दुसरा मासा पाटणपत्तुर बी जगत न्हाई. ह्यो काटक. कळशीत ऱ्हातो, यष्टीत ऱ्हातो, धक्क्यानं मरत न्हाई. आन मिशा हायत न्हवं त्येला? मिशीवाला सोडला की पोरगा व्हतो, आसं म्हनायच्या म्हाताऱ्या."

"मग मी कशी झाले?"

"तुझ्या टायमाला तर लय सोडलं हुतं गं," आई म्हणाली. "तुझ्या बापानं भोयाला सांगून डबा भरून दिलता."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. वडील बाहेरून ओरडले, काय चाललंय. मिशा बघून म्हाताऱ्यांनी नर म्हणून जे मासे आणायला लावले, त्यांतल्या कितीतरी माद्या असणार, आणि कूळ उरलं ते फक्त त्या माद्यांचं. नर मेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं आईकडून आलेलं डीएनए संपलं. त्या खोऱ्यातल्या लेकी खाली देशावर द्यायची रीत, कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली, जिथे पाणी जातं तिथे. त्या लेकी पोटात एक आणि कळशीत एक जीव घेऊन घाट चढल्या होत्या. धरणाने अडवलेले मासे बायकांनी एस.टी.त बसवून वर नेले होते. हे माझ्या जेलच्या रेघांत स्वच्छ उमटलं होतं आणि ते दुसऱ्या कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दिवाळी संपायची वाटही न बघता मी डोहाच्या गावी गेले. म्हाताऱ्यांना विचारलं. प्रत्येकीला आठवत होतं. कुणी वारणेचा आणलेला, कुणी कृष्णेचा. एकीचा वाटेत मेला आणि तिला आठव्या महिन्यातच मूल झालं, ते गेलं. ती सांगताना अजून रडत होती. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बायकांचं काम, त्यात पुरुष कशाला बघतील!

सरांकडे मी पळतच गेले. मला वाटलं होतं ते खूश होतील. साधा शोध नव्हता तो. माणसाच्या रीतीने माशाचं कूळ हललं होतं आणि आम्ही ते पकडलं होतं. सरांनी ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला.

"हे मी लिहू कसं? संदर्भ काय देऊ? आईने कळशीतून नेले?"

"गावातल्या सगळ्या बायका सांगतायत सर. आणि रेघा तेच दाखवतायत."

"म्हाताऱ्यांच्या गप्पांवर शास्त्र चालत नाही. डोहातले नमुने गाळून टाक. ओढ्यातले ठेव. ते व्यवस्थित आहेत."

"आणि डोहाबद्दल काय लिहायचं?"

"डोह हे या दुर्मिळ कुळाचं वसतिस्थान, असं."

मी म्हटलं, ते खोटं आहे. सरांनी कप बशीत ठेवला. आईकडून आलेलं तेवढंच खरं, असं वर्गात शिकवणारा माणूस आईचं म्हणणं ऐकायला तयार नव्हता, आणि त्यात काही विसंगत आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ओढ्यात मासे होते मोजके. व्यापाराला ते पुरले नसते. डोहात होते भरपूर. मला हा हिशेब तेव्हा कळला नाही, मी आपली खऱ्याखोट्यावर भांडत राहिले.

"तुला तसं लिहायचं नसेल तर लिहू नकोस," ते शांतपणे म्हणाले.

त्यांनी पुढे माझ्या कुठल्याच कागदावर सही केली नाही. आज बाहेरगावी, उद्या बैठक, परवा बघू. मुदत उलटली. वडील म्हणाले, गुरूशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? आमच्या घरी गुरू म्हटलं की विषय संपायचा. मी शिरवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, तिथे कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी तपासायचं आणि ते ठीक आहे असं सांगायचं. तेही पुष्कळदा ठीक नसायचं. म्हणजे शिक्षण अगदीच फुकट गेलं नाही.

सरांचा लेख आला. डोहाचं गाव, तालुका, वाट, सगळं त्यात नीट दिलेलं. मग वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, कोयनेच्या डोंगरातल्या दुर्मिळ शोभेच्या माशाचा शोध. माझं नाव कुठे नव्हतं, ते नसणारच होतं. फोटोत सरांच्या हातात काचेची बरणी होती आणि बरणीत माझ्या आईच्या माशाची कुठलीशी नात होती.

पुढच्या शिमग्याला मी मामांकडे गेले तेव्हा मामी दारातूनच मला घेऊन डोहावर गेली, मामा मागोमाग आले. मी शितं टाकली. ती तशीच काळ्या पाण्यात खाली गेली. दुसरी मूठ टाकली. खालून कुणी आलं नाही.

"मानसं जीपगाडी घिऊन आली हुती," मामा मागून म्हणाले. "जाळी हुती, पिशव्या हुत्या हवा भरायच्या. मी अडवलं त्यास्नी. तर म्हनाली, तुमच्या भाचीच्या सरांकडनं आलोय, कालिजची मानसं हाओत." ते काठावर बसले. "तुझ्या सरांची मानसं म्हनून च्या पाजला मी त्यास्नी."

मामांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तात्या मात्र देवळाच्या पायरीवर बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. भाचीचा मान तिथे संपला. त्या गावात पुढे मी लग्नकार्यापुरतीच गेले, आणि गेले तरी डोहाकडे फिरकले नाही. लेकीही आता बाळंतपणाला कऱ्हाडच्या दवाखान्यात जातात.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी सांगलीत आईबरोबर बाजारात गेले होते. तिला चपला घ्यायच्या होत्या. चपलांच्या दुकानाशेजारी माशांचं नवं दुकान झालं होतं, दर्शनी भागात मोठी काचेची पेटी, आत निळा दिवा. वर पाटी, कोयनेचा दुर्मिळ पट्टेरी शिंगटा. आई थांबली. काचेला नाक लावून बघायला लागली. मीही बघितलं आणि त्यांतल्या एकाची शेपटी मला ओळखू आली. पर वाकडा वाढलेला होता, एका बाजूने कापल्यासारखा. ती माझी कात्री होती.

दुकानदार तरुण होता, अदबशीर. "या की काकू. कोयनेचा मासा हाय. सगळ्यांकडं मिळत न्हाई ह्यो."

"कोयनेचा कुठला बाबा," आई म्हणाली. "हितलाच हाय ह्यो. नदीतला. मी नेलता तिकडं."

तो हसला. चांगल्या मनाने हसला. मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं होतं, त्याच्याकडे त्याने बोट दाखवलं. सर आणि बरणी. "कालिजच्या सरांनी शोध लावलाय काकू. शास्त्रीय हाय."

आई माझ्याकडे वळली. "सांग की गं त्येला. तू शिकलीस न्हवं ह्येच?"

मी सांगितलं. दुकानाच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं, तंतुकणिका, आईकडून येणारं डीएनए, रेघा, कळशी. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "म्याडम, तुमचं खरं असंल बी. पर सांगलीचा म्हनून सांगितलं तर घेनार कोन?"

आईने काचेवर बोट टेकवलं. वाकड्या शेपटीचा तो शिंगटा वर आला, काचेच्या आतून तिच्या बोटाला मिशा लावून बघितल्या आणि परत खाली गेला. नदी तिथून हाकेच्या अंतरावर होती. आम्ही चपला न घेताच निघालो.

रिक्षात बसल्यावर आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुझ्या सरांनी माझं नाव तरी घातलं का गं कुठं त्यात?"

"नाही आई."

"व्हय," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. "आन कंचं घालनार म्हना. दोन हायत."